एकाच बाटलीवर 'रसायनविरहित' आणि 'उत्तम रसायन'

नैसर्गिक औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचायची मला खोड आहे. त्यात कधीतरी असा नमुना हाती लागतो की पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'रसायनविरहित' आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'उत्तम रसायन'. छापणाऱ्याची चूक वाटते, पण दोन्ही शब्द आपापल्या जागी आहेत. पुढचं रसायन शाळेच्या प्रयोगशाळेतलं. मागचं आयुर्वेदातलं. तिथे रसायन म्हणजे शरीराचं पोषण करून म्हातारपण लांबवणारं औषध, आणि आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंगच मुळी रसायनतंत्र या नावाचं आहे. अक्षरं तीच, घराणी दोन. (पहिल्या अर्थाने पाहिलं तरी 'रसायनविरहित' बाटली ही रिकामीच असायला हवी, कारण पाणीसुद्धा रसायनच. पण ते सोडा.)

या क्षेत्रातले कितीतरी शब्द असे दोन घरांत वावरणारे आहेत. वैद्य एका अर्थाने बोलतो, जाहिरात दुसऱ्या अर्थाने ऐकवते आणि आपण तिसराच अर्थ घेऊन घरी जातो. कोणता शब्द कुठून आलाय एवढं जरी कळलं तरी समोरच्या दाव्याचा अर्धा फुगा आपोआप खाली बसतो. कधी कधी उलटही होतं. थोतांड वाटलेला शब्द आपल्या घरात अगदी नेमका असतो.

माझा सगळ्यात आवडता नमुना आहे 'शास्त्रीय पद्धतीने सिद्ध'. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या आणि गुण सिद्ध झाला. आता हेच आयुर्वेदाच्या भाषेत वाचा. शास्त्र म्हणजे चरकसंहिता, शार्ङ्गधरसंहिता, भैषज्यरत्नावली असे ग्रंथ. सिद्ध करणं म्हणजे तयार करणं. वनस्पतींचा काढा आणि कल्क (वाटलेला लगदा) घालून, पाणी आटेपर्यंत शिजवलेल्या तेलाला 'सिद्ध तेल' म्हणतात. म्हणजे त्या ओळीचा सरळ अर्थ एवढाच: ग्रंथात दिलेल्या पाठाप्रमाणे बनवलेलं. ते खरंही असेल. पण औषध लागू पडतं की नाही याबद्दल त्या ओळीत अक्षरही नाही. 'शास्त्रोक्त' या शब्दाचंही तेच. तो कृतीची हमी देतो, परिणामाची देत नाही.

नैसर्गिक

हा शब्द सगळ्यात जास्त खपतो आणि सगळ्यात कमी सांगतो. बचनाग नैसर्गिक, कुचला नैसर्गिक, सापाचं विषही नैसर्गिक. एखादी गोष्ट झाडावर उगवली की कारखान्यात बनली यावरून ती शरीरात काय करेल हे ठरत नाही. ते ठरतं तिच्या रेणूवरून आणि मात्रेवरून.

सदाफुली घ्या. जगात अनेक ठिकाणी तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देत असत. कॅनडातल्या संशोधकांनी १९५०च्या दशकात त्याच आशेने प्राण्यांवर प्रयोग केले. साखरेवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या. साखरेचं औषध शोधणाऱ्यांच्या हाती कर्करोगाचं औषध लागलं. विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही दोन औषधं सदाफुलीतून आली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टिन आजही वापरतात. टनावारी पानांमधून ते जेमतेम काही ग्रॅम निघतं आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून द्यावी लागते. आता हे औषध नैसर्गिक म्हणायचं की केमोथेरपी? दोन्ही. आणि परसातली सदाफुली चावून खाल्ल्याने कर्करोग बरा होईल का? मुळीच नाही. विषबाधा मात्र होऊ शकेल.

विलोच्या सालीपासून अ‍ॅस्पिरिनपर्यंत, सिंकोनाच्या सालीपासून क्विनिनपर्यंत आणि सर्पगंधेपासून रक्तदाबाच्या रेसरपिनपर्यंत असेच प्रवास झालेत. चिनी परंपरेतल्या एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध वेगळं काढणाऱ्या तू योयो यांना २०१५ साली नोबेल मिळालं. परंपरेने बोट दाखवलं, पुढे कोणता रेणू, किती आणि कुणाला, हे मोजून ठरवलं गेलं.

'ऑरगॅनिक'वर फार वेळ घालवायला नको. तो शेतीचा शब्द आहे. पीक कसं वाढवलं ते सांगतो, गुण येईल का ते नाही.

पर्यायी, पूरक, एकात्मिक आणि बिचारी अ‍ॅलोपॅथी

हे शब्द उपचारांची नावं असल्यासारखे वापरले जातात. खरं तर ती नात्याची नावं आहेत. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने मळमळ कमी व्हावी म्हणून सोबत अ‍ॅक्युपंक्चर घेतलं तर ते पूरक. केमोथेरपी नाकारून तेवढंच घेतलं तर ते पर्यायी. सुई तीच, माणूस तोच. आणि एकाच ठिकाणी दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमेकांशी बोलून उपचार आखले तर त्याला एकात्मिक किंवा इंटिग्रेटिव्ह म्हणतात. अमेरिकी सरकारच्या या विषयावरच्या संशोधन केंद्राच्या नावात आधी 'पूरक आणि पर्यायी' होतं. २०१४ मध्ये त्यांनी 'पर्यायी' काढलं आणि 'पूरक आणि एकात्मिक' केलं.

फरक नुसता शब्दांचा नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली अशा रुग्णांचा अभ्यास छापला ज्यांचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला नव्हता, म्हणजे बरा होण्याची चांगली शक्यता होती. त्यातल्या ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी मार्ग धरला, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून जास्त. तेव्हा कुणी 'मी आयुर्वेदिक घेतोय' किंवा 'मी निसर्गोपचार करतोय' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, 'सोबत की ऐवजी?'

'अ‍ॅलोपॅथी' हा शब्द डॉक्टरांनी स्वतःसाठी निवडलेला नाही. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी तो प्रतिपक्षासाठी घडवला. ग्रीकमध्ये अ‍ॅलोस म्हणजे वेगळं. आजाराशी संबंध नसलेलं काहीतरी उलटंसुलटं करणारे ते अ‍ॅलोपॅथ, असा टोमणा त्यात होता. त्या काळात रक्त काढणं, जुलाब देणं, पाऱ्याचे डोस देणं असले अघोरी उपचार चालत, त्यामुळे टोमणा अगदीच अनाठायी नव्हता. आज मात्र हा शब्द वापरला की वाटतं, वैद्यकाच्या दोन समान शाखा आहेत आणि आपण आवडीप्रमाणे एक निवडायची. आधुनिक वैद्यकाचं तत्त्व 'उलट्याने उलट्याला मारा' असं कधीच नव्हतं. जे तपासून लागू पडतं ते घ्या, असं आहे. सदाफुलीला त्यांनी घेतलंच की.

पित्त म्हणजे नक्की कोणतं

'मला पित्ताचा त्रास आहे' असं तीन माणसं म्हणतात. एकाला आंबट ढेकर येतात आणि छातीत जळजळतं. दुसऱ्याच्या अंगावर लाल गांधी उठतात. तिसऱ्याच्या पित्ताशयात खडे आहेत. पहिल्याच्या तक्रारीत पोटातलं आम्ल, दुसऱ्याच्यात अ‍ॅलर्जीत सुटणारं हिस्टामिन, तिसऱ्याच्यात यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा पित्तरस. तीन अवयव, तीन कारणं, आणि आपल्या भाषेत शब्द एक.

वैद्याचं पित्त याहून वेगळं. वात, पित्त, कफ या तीन दोषांपैकी ते एक. त्याचे पाच प्रकार सांगितलेत: पाचक, रंजक, साधक, आलोचक, भ्राजक. पचनापासून दृष्टीपर्यंत आणि त्वचेच्या कांतीपर्यंत सगळं त्यात येतं. शरीरातलं उष्ण, तीक्ष्ण, रूपांतर घडवणारं जे काही आहे त्याला दिलेलं ते एक नाव आहे. ते रक्त तपासून मिलिग्रॅममध्ये सापडणार नाही, कारण ते द्रव्यापेक्षा वर्गीकरण जास्त आहे. म्हणून 'पित्त म्हणजे अ‍ॅसिड' किंवा 'वात म्हणजे मज्जासंस्था' अशी जी भाषांतरं चालतात, त्यांनी दोन्ही बाजूंचं नुकसान होतं असं मला वाटतं. आयुर्वेदाची कल्पना आक्रसते आणि आधुनिक शब्दाचा नेमकेपणाही जातो. 'प्रकृती'चंही असंच. वातप्रकृती हे माणसाच्या एकूण ठेवणीचं वर्णन आहे, आजाराचं निदान नव्हे.

यातली एक गल्लत मात्र खरंच महागात पडते. संधिवात आणि आमवात. ग्रंथांत दोन्ही वेगळे आहेत. आजच्या भाषेत ढोबळमानाने संधिवात म्हणजे सांध्यांची झीज, आणि आमवात म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटणं. बोलताना आपण दोन्हीला संधिवातच म्हणतो. झिजेचं दुखणं हळूहळू वाढतं, त्यात तेल चोळून शेक घेतल्याने आराम पडला तर काही बिघडत नाही. आमवात अंगावर काढला तर मात्र काही महिन्यांतच सांध्यांचं कायमचं नुकसान होऊ लागतं आणि ते भरून येत नाही. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजत असतील, तर 'वाताचं आहे' म्हणून गप्प बसू नये.

जाता जाता: 'कफ सिरप'मधला कफ आपला नाही. तो इंग्रजीतला खोकला. आपला कफ म्हणजे बेडका. कोरड्या खोकल्याला लोक कफ पाडणारं औषध का मागतात, ते या गोंधळात कळतं.

बाटलीच्या मागची बाजू

काढा आणि चूर्ण सगळ्यांना माहीत असतं. आसव आणि अरिष्ट यांच्याकडे थोडं लक्ष द्यायला हवं. दोन्ही आंबवलेली औषधं. साधारणपणे काढा करून आंबवलं तर अरिष्ट, न उकळता आंबवलं तर आसव. गूळ किंवा मध आणि बहुधा धायटीची फुलं घालून ते मुरवत ठेवतात आणि त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो, साधारण पाच ते दहा टक्के. चमचा-दोन चमचे घेणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. पण दारू सुटावी म्हणून डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्याला तेवढ्यानेही उलट्या, धडधड, लाल चेहरा असा त्रास होऊ शकतो. लेबलावर 'स्वयंनिर्मित मद्यार्क' असं लिहिलेलं असतं ते याच्यासाठी.

भस्म म्हणजे नुसती राख नव्हे. धातू किंवा खनिज आधी शोधन करून, मग वनस्पतींच्या रसात पुन्हा पुन्हा खलून आणि आगीचे पुट देऊन बनवलेली बारीक पूड. पारा आणि गंधक एकत्र खलले की काळी कज्जली होते, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. या शाखेला रसशास्त्र म्हणतात आणि इथला 'रस' म्हणजे पारा. पुन्हा तोच खेळ: लेबलावर शेवटी 'रस' आलं की ते फळाच्या रसासारखं काहीतरी असेल असं वाचणाऱ्याला वाटतं. रसशास्त्राचं म्हणणं असं की शोधन (शुद्ध करणं) आणि मारण (आगीत भस्म करणं) नीट झालं की धातूचा विषारीपणा जातो. प्रत्यक्षात बाजारात काय मिळतं हा वेगळा प्रश्न. अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली छापून आली. सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. रसौषधींत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास होतं, ते अपेक्षितच. मला जास्त खटकला तो दुसरा आकडा: ज्यांत धातू घातलेलेच नव्हते अशा औषधांतही १७ टक्के. म्हणजे तिथे धातू कृतीतून आलेला नाही, मातीतून, पाण्यातून किंवा कारखान्यातल्या हलगर्जीपणातून आलेला असणार.

'अर्क १०:१' हा आकडा भारदस्त दिसतो. त्याचा अर्थ इतकाच की १० किलो कच्च्या मालातून १ किलो अर्क काढला. आत काम करणारं द्रव्य किती, हे त्यातून कळत नाही. ते कळतं 'स्टँडर्डाइज्ड' या शब्दापुढच्या आकड्यातून. उदाहरणार्थ 'करक्युमिन ९५ टक्के'. साध्या हळदीत करक्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा हळद आणि ती कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यात मिऱ्यातलं पायपरिन घातलं असेल तर करक्युमिन रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरतं. याला बायोअव्हेलेबिलिटी म्हणतात. पण पायपरिन काही करक्युमिनचं मिंधं नाही. तुम्ही घेत असलेली दुसरी औषधंही ते जास्त उतरवू शकतं.

थर्टी, टू हंड्रेड, वन एम

होमिओपॅथीच्या गोळ्यांना बरेच लोक झाडपाल्याचं औषध समजतात. ही दोन वेगळी जगं आहेत. हानेमान यांचं तत्त्व: जे द्रव्य निरोगी माणसात एखादं लक्षण उत्पन्न करतं, तेच अत्यंत विरळ केल्यावर ते लक्षण असलेल्या आजाऱ्याला बरं करतं. समः समं शमयति. विरळ करण्याच्या पायरीला पोटेन्सी म्हणतात, आणि इथे आकडा वाढला की द्रव्य कमी होत जातं. नवख्याला हे उलटं वाटतं, पण पद्धत तशीच आहे.

करून बघू. मूळ अर्काचा एक थेंब घ्या, त्यात ९९ थेंब पाणी किंवा अल्कोहोल घाला, जोरजोरात हलवा. ही १ सी. त्यातला एक थेंब उचलून पुन्हा ९९ थेंबांत. ही २ सी, म्हणजे दहा हजारांत एक भाग. ३ सी म्हणजे दहा लाखांत एक. प्रत्येक पायरीला दोन शून्यं वाढतात. १२ सी ला आलात की १ वर २४ शून्यं. रसायनशास्त्रात एका मोलमध्ये, म्हणजे पाण्याच्या बाबतीत १८ ग्रॅममध्ये, रेणूंची संख्या ६ वर २३ शून्यं इतकी असते. म्हणजे इथपर्यंत येता येता मूळ द्रव्याचा शेवटचा रेणू सुटायला आलेला असतो. गोळ्या मिळतात त्या बहुधा ३० च्या: १ वर ६० शून्यं. पृथ्वीवरच्या सगळ्या पाण्यातले रेणू मोजले तरी १ वर ४७ शून्यं होत नाहीत. आणि २०० च्या, आणि 'वन एम' म्हणजे हजार पायऱ्यांच्याही मिळतात.

हानेमान यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते १८४३ साली वारले. रेणूच्या आकाराचा पहिला बरा अंदाज लोश्मिट यांनी बांधला तो १८६५ साली. आजच्या होमिओपॅथीला मात्र हे गणित माहीत आहे, म्हणून 'पाण्याची स्मृती', म्हणजे द्रव्य गेलं तरी पाणी त्याची आठवण ठेवतं, वगैरे कल्पना पुढे येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत मिळत नाही असा निष्कर्ष काढला.

पण 'त्यात काहीच नसतं, अपाय काय होणार' हेही सरसकट खरं नाही. 'मदर टिंक्चर' म्हणजे विरळ न केलेला मूळ अर्क, त्यात द्रव्यही असतं आणि अल्कोहोलही. एक्स पोटेन्सी दहापटीची असते, शंभरपटीची नाही, त्यामुळे २ एक्स, ३ एक्समध्ये मोजता येईल इतकं द्रव्य असतं. बाळाला दात येताना द्यायच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण गोळीगणिक कमी-जास्त आणि लेबलावरच्यापेक्षा अधिक असल्याचं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१७ साली जाहीर केलं होतं. बेलाडोना विषारी आहे.

डिटॉक्स

डॉक्टरांच्या भाषेत डिटॉक्सला नेमका अर्थ आहे: दारूचं किंवा अमली पदार्थाचं व्यसन देखरेखीखाली उतरवणं. शिसं अंगात साठलं तर ते बाहेर काढणारी औषधंही आहेत, त्यांना कीलेशन म्हणतात. दोन्हीकडे विषाचं नाव माहीत असतं आणि ते मोजता येतं. बाजारातल्या डिटॉक्समध्ये नेमकं हेच नसतं. कोणतं विष, आधी किती होतं, नंतर किती उरलं, असं विचारून बघा. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. हा कारखाना बंद पडला तर डायलिसिस लागतं, रस लागत नाही.

पाय बुडवून विष काढणारं यंत्र तुम्ही कदाचित पाहिलं असेल. कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवायचे, मध्ये यंत्राची पट्टी सोडायची, वीज चालू करायची. दहा मिनिटांत पाणी पिवळं, मग तपकिरी, वर फेस आणि काळे कण. पाहणारा हादरतो, एवढं घाण माझ्या अंगात होतं! आता हेच पाय न घालता करा. पाणी तेवढंच तपकिरी होतं. मीठ आणि वीज मिळून लोखंडी इलेक्ट्रोड गंजतो, तो हा गंज.

'इम्युनिटी बूस्टर' याचाच भाऊ. प्रतिकारशक्ती टाकीसारखी भरत नाही. ती वाढून जास्त झाली तर काय होतं, त्याचे नमुने आधीच येऊन गेलेत: अंगावर उठणारं पित्त आणि आमवात. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला तर ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले, त्यात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: ती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. या आक्षेपाकडे पुन्हा यायचं आहे.

गुण आला

'गुण आला' हा मराठीतला फार सुंदर प्रयोग. तो कुणाला श्रेय देत नाही, नुसता आला म्हणतो. श्रेय आपण नंतर चिकटवतो. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात, हा विनोद जुना आहे पण त्यात मुद्दा पक्का आहे. शिवाय माणूस उपचाराला जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथून ते बहुधा उतरणारच असतं.

उरला प्लासिबो, म्हणजे औषधासारखा दिसणारा पण औषध नसलेला उपचार. त्याला 'मनाचे खेळ' म्हणून झटकणंही चूक आणि 'मनाने आजार बरा होतो' म्हणणंही चूक. २०११ साली दम्याच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास मला यात फार बोलका वाटतो. त्याच रुग्णांना आलटून पालटून चार गोष्टी मिळाल्या: खरा इन्हेलर, औषध नसलेला इन्हेलर, खोटं अ‍ॅक्युपंक्चर, आणि काहीही उपचार नाही. किती बरं वाटलं असं विचारल्यावर पहिल्या तिन्हींत जवळपास सारखं उत्तर आलं: ५०, ४५ आणि ४६ टक्के सुधारणा. काहीच न करता २१ टक्के. मग फुंकर मारायला लावून फुप्फुसाची क्षमता मोजली. खऱ्या इन्हेलरने ती २० टक्क्यांनी वाढली होती, बाकी तिन्हींत साधारण ७ टक्के. म्हणजे बरं वाटलं हे खरं होतं. श्वासनळ्या मात्र आवळलेल्याच होत्या. दुखणं, मळमळ, थकवा अशा ठिकाणी बरं वाटणं हाच मोठा भाग असतो. दम्यात मात्र बरं वाटतंय म्हणून इन्हेलर बाजूला ठेवणं जिवावर बेतू शकतं.

'डबल ब्लाइंड' चाचणीत खरं औषध कुणाला हे रुग्णालाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही, ते यासाठीच. याचं सगळ्यात साधं उदाहरण नऊ वर्षांच्या मुलीने घालून दिलं. हातांनी दुसऱ्याची ऊर्जा जाणवते असं म्हणणाऱ्या २१ उपचारकांना एमिली रोझाने पडद्यातून हात बाहेर काढायला लावले आणि त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर आपला हात धरला. कोणत्या, एवढंच ओळखायचं. २८० प्रयत्नांत ४४ टक्के बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर निम्मे आले असते. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. 'प्राण', 'ची', 'एनर्जी' हे शब्द ध्यानाच्या अनुभवाचं वर्णन म्हणून ठीक आहेत. विजेसारखी वाहणारी काही वस्तू म्हणून सांगितले की पडदा आठवावा.

या सगळ्या शब्दकोशात मला खरी भीती वाटते ती 'हीलिंग क्रायसिस'ची. होमिओपॅथीत त्यालाच अ‍ॅग्रव्हेशन म्हणतात, बोलीत 'रोग बाहेर पडतोय'. उपचार सुरू केल्यावर त्रास वाढला तर तो बरं होण्याची खूण समजायचा. मग बरं वाटलं तरी औषध लागू पडलं आणि वाईट झालं तरी लागूच पडलं. पुरळ उठतं, ताप चढतो, डोळे पिवळे होतात, आणि माणूस डोस वाढवतो. सुरू करण्याआधीच विचारून ठेवावं: किती दिवसांत काय दिसलं तर हे बंद करायचं? याला उत्तर नसेल तर मी सुरूच करणार नाही.

साइड इफेक्ट नाही, आणि नावात काय आहे

ज्याचा काही परिणाम होतो त्याचा नको असलेला परिणामही होऊ शकतो. ज्येष्ठमध फार दिवस भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. उदासीवर घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, बदललेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन, सगळंच लवकर मोडीत निघतं. हृदय बदललेल्या दोन रुग्णांत ते घेतल्यावर सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं, अशी नोंद २००० साली झाली.

आणि आता गुळवेलीचा तो आक्षेप. ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये १९९० ते ९२ च्या सुमारास चिनी वनौषधी असलेल्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. तरुण बायकांची मूत्रपिंडं एकापाठोपाठ एक निकामी होऊ लागली. शंभरावर रुग्ण सापडले. कृतीत 'हान फांग जी' हवी होती. पुरवठ्यात आली 'ग्वांग फांग जी'. नावं बहिणींसारखी, वनस्पती अगदी वेगळी: दुसरी अ‍ॅरिस्टोलोकिया, जिच्यातलं आम्ल मूत्रपिंडं खातं. पुढे यातल्या ३९ जणींची मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका काढून तपासली तर १८ जणींच्या मूत्रमार्गात कर्करोग निघाला.

आपल्याकडेही नावं अशीच सैल आहेत. ब्राह्मी म्हणून कुणी बाकोपा मोनिएरी देतं, कुणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. शंखपुष्पी या नावाखाली तर निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून लेबलावरचं लॅटिन नाव शोधायचं, आणि मूळ, पान की साल हेही. ते नसेल तर बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही नक्की माहीत नाही असं धरून चालावं. आणि डॉक्टरांकडे जाताना 'थोडं आयुर्वेदिक चालू आहे' असं मोघम सांगण्यापेक्षा बाटलीच पिशवीत टाकून न्यावी. पुढची बाजू नाही वाचली तरी चालेल, मागची त्यांना दाखवा.